सगळंच ऑब्जेक्ट: स्वतःची डायनॅमिक भाषा आणि तिचा रनटाइम बांधताना

शुद्ध ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत करण्यासारखी गोष्ट मुळात एकच असते, ती म्हणजे एखाद्या ऑब्जेक्टला मेसेज पाठवणं. बेरीज हा मेसेज, तुलना हा मेसेज, नवीन ऑब्जेक्ट हवा असेल तर क्लासला पाठवलेला मेसेज. इतर भाषा ज्याला 'इफ' म्हणतात तोसुद्धा 'खरं' किंवा 'खोटं' या ऑब्जेक्टला पाठवलेला मेसेजच. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात स्मॉलटॉक घडवली, तेव्हापासून ही कल्पना फारशी बदललेली नाही. सेल्फ आणि रूबी याच घराण्यातल्या. बदलत गेली ती अंमलबजावणी, आणि हा लेख मुख्यतः तिच्याबद्दलच आहे.

अडचण अशी की भाषा प्रोग्रामरला शब्द देते: इथे सगळं मेसेजच आहे. रनटाइमने, म्हणजे प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणाऱ्या यंत्रणेने, तो शब्द अक्षरशः पाळला तर `१ + १` साठीही मेथड शोधा, तिच्यासाठी स्टॅकवर फ्रेम उभी करा, परत या, असा घाट घालावा लागेल आणि भाषा रांगत चालेल. त्यामुळे रनटाइम जागोजागी पळवाट काढतो. त्याला माझी हरकत नाही. अट एकच: प्रोग्रामरने कितीही वाकडातिकडा प्रोग्राम लिहिला तरी ती पळवाट त्याला दिसता कामा नये. पुढे प्रत्येक पायरीवर शब्द कोणता आणि पळवाट कोणती, हे विचारत जाऊ.

सी भाषा येते आणि पॉइंटरची भीती नाही, एवढं गृहीत धरतोय. मशीन ६४ बिटांचं.

## पायरी १: कागदावरचे निर्णय

पहिला निर्णय क्लास की प्रोटोटाइप. डेव्हिड उंगार आणि रँडल स्मिथ यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या सेल्फमध्ये क्लास नाहीतच. तिथे नवा ऑब्जेक्ट जुन्याची नक्कल करून बनतो. कल्पना देखणी आहे, पण रनटाइमला प्रत्येक ऑब्जेक्टचा आकार स्वतः ओळखत बसावं लागतं. पहिल्याच भाषेसाठी क्लास घ्या, वारसा एकेरी ठेवा, आणि फील्ड क्लासमध्येच जाहीर करायला लावा. या तिसऱ्या नियमामुळे प्रत्येक फील्डचा क्रमांक कंपायलरला आधीच कळतो आणि पुढचं कितीतरी काम वाचतं.

दुसरा निर्णय, मेसेज काय नाही. व्हेरिएबलला किंमत देणं, मेथडमधून परतणं, लिटरल (थेट लिहिलेली संख्या किंवा स्ट्रिंग) लिहिणं आणि ब्लॉक (नंतर चालवता येणारा कोडचा तुकडा) लिहिणं, एवढंच मेसेजच्या बाहेर ठेवा. ही यादी वाढवायचा मोह होतो. लूपसाठी कीवर्ड हवा, एरर पकडायला कीवर्ड हवा, असं वाटत राहतं. प्रत्येक वेळी आधी विचारा: हे ब्लॉक आणि मेसेजने जमतंय का? बहुतेक वेळा जमतं.

फील्ड बाहेरून दिसता कामा नयेत. ऑब्जेक्टच्या आत डोकावायला डॉट लिहून वाट दिलीत की मेसेज हा एकमेव मार्ग उरत नाही आणि शुद्धपणाचा मुद्दाच संपतो.

## पायरी २: वाक्यरचना आणि देवनागरीची भानगड

स्मॉलटॉकची तीन प्रकारच्या मेसेजची पद्धत मला अजूनही सर्वांत सुटसुटीत वाटते: नुसतं नाव, चिन्ह, आणि विसर्गासारखं टोक असलेली नावं. मराठी नावं दिली तर ती विलक्षण सहज वाचता येते, कारण आपल्याकडेही ज्याच्याबद्दल बोलायचं तो आधी येतो आणि काय करायचं ते शेवटी.

```
क्लास खाते < ऑब्जेक्ट
  फील्ड शिल्लक

  सुरुवात
    शिल्लक := ०.

  जमा: रक्कम
    शिल्लक := शिल्लक + रक्कम.

  काढ: रक्कम नाहीतर: तक्रार
    रक्कम > शिल्लक असेलतर: [ ^ तक्रार चालव ].
    शिल्लक := शिल्लक - रक्कम.
```

नुसत्या नावाचा मेसेज आधी, मग चिन्हाचा, मग टोकवाल्यांचा, असा क्रम लावला की कंस फारसे लागत नाहीत. `रक्कम > शिल्लक` चं उत्तर आधी येतं आणि त्या उत्तराला `असेलतर:` जातो. `^` म्हणजे मेथडमधून परत. तो इथे ब्लॉकच्या आत आहे, आणि पुढे हाच आपल्याला छळणार आहे.

चिन्हांमध्ये आपसांत प्राधान्य द्यायचं का? स्मॉलटॉकमध्ये ते नाही, त्यामुळे `३ + ४ * २` चं उत्तर तिथे १४ येतं. तर्क शुद्ध आहे: `*` म्हणजे काय हे ऑब्जेक्टने ठरवायचं, पार्सरने नाही. पण शाळेत गणित शिकलेल्या माणसाला हे पटवून देण्यात तुमचं आयुष्य जाईल. स्काला ही भाषा चिन्हाच्या पहिल्या अक्षरावरून प्राधान्य ठरवते. ती तडजोड मला मान्य आहे, कारण ती फक्त पार्सरपुरती राहते आणि `*` मेसेजच राहतो.

भाषेत देवनागरी नावं चालवणार असाल तर लेक्सरकडे, म्हणजे मजकुराचे सुटे शब्द पाडणाऱ्या भागाकडे, नीट लक्ष द्या. 'अक्षर असेल तर पुढे जा' अशी तपासणी लिहिली की `शिल्लक` मधल्या पहिल्या वेलांटीवरच गाडी अडते, कारण युनिकोडमध्ये वेलांटी आणि हलंत ही अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. नावाच्या सुरुवातीला अक्षर आणि पुढे अक्षर, वेलांटी-हलंतासारखं चिन्ह किंवा अंक, असा नियम ठेवा.

त्याहून कपटी प्रकार मराठीतल्या 'ऱ्य' चा. `दुसऱ्या` हा शब्द कुणी ऱ, हलंत, य असा टाइप करतो, तर कुणी र, हलंत, मग न दिसणारा जोडणी-कोड आणि य असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण रनटाइमच्या लेखी ही दोन वेगळी नावं, आणि मेथड डोळ्यांसमोर लिहिलेली असूनही 'हा मेसेज समजला नाही' अशी एरर येते. युनिकोडचं प्रमाणित रूप करून घेतलं तर र आणि नुक्ता मिळून ऱ होतो, पण जोडणी-कोडवाली जोडी त्याने एक होत नाही. तेवढा नियम लेक्सरमध्ये हाताने लिहा, आणि नावं सिलेक्टरच्या, म्हणजे मेसेजच्या नावांच्या, तक्त्यात जाण्याआधी तो लागू करा.

स्ट्रिंगच्या `लांबी` या मेसेजचं उत्तरही आत्ताच ठरवून टाका. 'क्षत्रिय' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये २४ बाइटचा, कोडपॉइंट (युनिकोडचे क्रमांक) ८, आणि वाचणाऱ्याच्या लेखी अक्षरं तीन. २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ पासून जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आहे, त्याआधीच्या नियमाने याच शब्दाचे पाच तुकडे पडत. मी `लांबी` ला तीन हे उत्तर द्यायला लावेन आणि बाकीच्यांसाठी `बाइट` आणि `कोडपॉइंट` अशा वेगळ्या याद्या देईन.

## पायरी ३: किंमत मेमरीत कशी मांडायची

शब्द: ३ हासुद्धा ऑब्जेक्ट आहे. पळवाट: ३ साठी हीपवर जागा घ्यायची नाही.

हीपवरचा प्रत्येक ऑब्जेक्ट ८ च्या पटीतल्या पत्त्यावर ठेवला की पॉइंटरचे शेवटचे तीन बिट नेहमी शून्य असतात. म्हणजे ते आपल्याला मोकळे. शेवटचा बिट १ असेल तर हा पॉइंटर नाही, वरच्या ६३ बिटांत पूर्णांक आहे, असं ठरवायचं. ३ ही किंमत २ × ३ + १ म्हणजे ७ म्हणून साठवली जाते. रूबीच्या मूळ अंमलबजावणीत १ चा ऑब्जेक्ट आयडी विचारला तर उत्तर ३ येतं, त्यामागे हाच हिशेब.

बेरीज करताना खुणेचे बिट काढून पुन्हा लावायची गरज नाही. (२अ + १) आणि (२ब + १) यांच्या बेरजेतून १ वजा केला की २(अ + ब) + १ उरतं, म्हणजे उत्तर खुणेसकट तयार. बेरीज ६४ बिटांबाहेर गेली का, हे मात्र प्रत्येक वेळी पाहायला हवं. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही सी कंपायलरांत त्यासाठी अंगभूत फंक्शन आहेत.

बाहेर गेली तर काय? इथे पळवाट उघडी पडते. ६३ बिटांत मावणारा सर्वांत मोठा पूर्णांक ४६११६८६०१८४२७३८७९०३. त्यात १ मिळवला की पुढचाच आकडा आला पाहिजे, आणि त्याचा क्लास गुपचूप मोठ्या पूर्णांकाचा झाला पाहिजे. उत्तर ऋण आलं किंवा एरर आली, तर तुमच्या भाषेत पूर्णांक हा ऑब्जेक्ट नसून मशीनचा रजिस्टर आहे हे जगजाहीर झालं. ही टेस्ट पहिल्याच आठवड्यात लिहा. स्मॉलटॉक-८० च्या मूळ वर्णनात लहान पूर्णांकाची मर्यादा −१६३८४ ते १६३८३ एवढीच होती, त्यामुळे त्या लोकांना हा प्रश्न रोजच पडायचा. आपल्याला तो क्वचित पडतो, आणि क्वचित पडणाऱ्या प्रश्नांचीच टेस्ट राहून जाते.

दुसरी पद्धत दशांश संख्येच्या ६४ बिटी मांडणीतल्या 'संख्या नाही' या लाखो अब्ज न वापरलेल्या नमुन्यांत पॉइंटर लपवण्याची. लुआ भाषेचा वेगवान रनटाइम लुआजिट ती वापरतो. गणिती काम जास्त असेल तर ती चांगली, कारण दशांश संख्यांना हीप लागत नाही. पण मग पूर्णांक बहुधा ३२ बिटांवर येतात. पूर्णांकांवर चालणाऱ्या साध्या भाषेला मी खुणेचे बिटच सुचवेन.

हीपवरच्या ऑब्जेक्टच्या डोक्यावर दोन मशीन-शब्दांचा (प्रत्येकी ६४ बिट) हेडर पुरतो: एकात क्लासचा पॉइंटर, दुसऱ्यात आकार, गार्बेज कलेक्टरचे (नको झालेले ऑब्जेक्ट झाडणाऱ्या भागाचे) बिट आणि ओळखीचा हॅश. हॅश म्हणून पत्ता वापरू नका. उद्या ऑब्जेक्ट हलवणारा कलेक्टर आणलात की हॅश टेबलं निकामी होतील.

## पायरी ४: क्लासचा क्लास कोण

`खाते नवीन` हा `खाते` नावाच्या ऑब्जेक्टला पाठवलेला मेसेज. मग ती मेथड कुठे राहते? `खाते` च्या क्लासमध्ये. आणि तो क्लास कोणता? स्मॉलटॉक-७६ मध्ये सगळ्या क्लासचा क्लास एकच होता, त्यामुळे `तारीख आज` किंवा `रंग लाल` असे एकेका क्लासचे खास मेसेज देता येत नसत. स्मॉलटॉक-८० ने प्रत्येक क्लासला स्वतःचा मेटाक्लास दिला. तीच रचना घ्या:

- `खाते` चा क्लास म्हणजे `खाते` चा मेटाक्लास, आणि त्याचा क्लास `मेटाक्लास`.
- मेटाक्लासचा वारसा क्लासच्या वारशाला समांतर चालतो.
- `ऑब्जेक्ट` च्या मेटाक्लासचा वरचा क्लास म्हणजे साधा `क्लास`. इथे दोन्ही साखळ्या जुळतात.
- `मेटाक्लास` च्या मेटाक्लासचा क्लास पुन्हा `मेटाक्लास`. इथे चक्र बंद होतं.

कागदावर हे बरोबर दिसतं, पण उभं करताना कोंबडी आधी की अंडं असा पेच पडतो: क्लास बनवायला मेटाक्लास हवा आणि मेटाक्लास बनवायला `मेटाक्लास` हा क्लास हवा. उपाय साधा. सीमध्ये `ऑब्जेक्ट`, `क्लास`, `मेटाक्लास` आणि त्यांचे तीन मेटाक्लास अशा सहा ऑब्जेक्टची जागा आधी घ्या, क्लासचा रकाना रिकामा ठेवून. सहाही पत्ते हातात आले की मग रकाने भरा. बाकीचे सगळे क्लास यानंतर नेहमीच्या मार्गाने बनवा.

घडी नीट बसली का, हे तपासायला `३ क्लास क्लास क्लास` विचारा. उत्तर `मेटाक्लास` आलं पाहिजे. `मेटाक्लास क्लास क्लास` चंही तेच.

सीमध्ये किती लिहायचं, याचा माझा नियम: जे मेसेजने सांगताच येत नाही तेवढंच. पूर्णांकांची बेरीज, ॲरेतली जागा वाचणं, फाइल उघडणं, ब्लॉक चालवणं. यादी, कोश, क्रमवारी, छपाई हे सगळं तुमच्याच भाषेत लिहा. सुरुवातीला ते हळू चालेल, पण भाषेतल्या उणिवा सर्वांत आधी तिथेच कळतील.

## पायरी ५: मेसेज पाठवणं

सगळा रनटाइम या एका क्रियेभोवती फिरतो, म्हणून इथे घाई नको.

सिलेक्टरची नावं एका तक्त्यात एकदाच साठवा, म्हणजे दोन नावांची तुलना ही दोन पॉइंटरची तुलना होते. शोध सरळ आहे: ऑब्जेक्टचा क्लास घ्या, त्याच्या मेथड-कोशात सिलेक्टर शोधा, नसेल तर वरच्या क्लासमध्ये, असं `ऑब्जेक्ट` पर्यंत. लहान पूर्णांकाला हेडर नाही, तेव्हा आधी खुणेचा बिट पाहायचा.

`जमा:` मेथडचा बाइटकोड, म्हणजे कंपायलरने रनटाइमसाठी काढलेल्या छोट्या सूचना, साधारण असा निघतो:

```
ढकल_फील्ड   ०      शिल्लक
ढकल_स्थानिक  ०      रक्कम
पाठव       +  १   एक आर्ग्युमेंट
ठेव_फील्ड   ०
ढकल_स्वतः
परत
```

स्टॅकवर चालणारी मशीन निवडा. रजिस्टरवर चालणारी थोडी वेगवान असते, पण कंपायलर गुंतागुंतीचा होतो.

आता `वरचा`. वरच्या क्लासची मेथड बोलवायची असेल तर शोध कुठून सुरू करायचा? ऑब्जेक्टच्या क्लासच्या वरून, हे उत्तर सुचतं आणि ते चूक आहे. `अ` मध्ये `छाप` आहे. `ब` हा `अ` चा वारस, त्याच्या `छाप` मध्ये `वरचा छाप` लिहिलंय. `क` हा `ब` चा वारस, त्याने स्वतःचं काही लिहिलेलं नाही. `क` च्या ऑब्जेक्टला `छाप` पाठवला की `ब` ची मेथड चालते. तिथून ऑब्जेक्टच्या क्लासच्या, म्हणजे `क` च्या वर शोधलं तर पुन्हा `ब` च सापडतो, आणि स्टॅक संपेपर्यंत तेच चक्र. शोध मेथड ज्या क्लासमध्ये लिहिली आहे त्याच्या वरून सुरू व्हायला हवा. म्हणून प्रत्येक कंपाइल झालेल्या मेथडमध्ये तिच्या मालक क्लासचा पॉइंटर ठेवा. दोनच क्लास असलेल्या टेस्टमध्ये हा बग दिसत नाही, टेस्ट तीन पातळ्यांची हवी.

मेथड सापडलीच नाही तर लगेच प्रोग्राम मारू नका. सिलेक्टर आणि आर्ग्युमेंट एका `मेसेज` ऑब्जेक्टमध्ये बांधा आणि त्याच ऑब्जेक्टला `समजलं_नाही:` हा मेसेज पाठवा. `ऑब्जेक्ट` मधली मूळ मेथड एरर देईल, पण कुणालाही आपल्या क्लासमध्ये ती बदलता येईल. दूरच्या मशीनवरच्या ऑब्जेक्टचा प्रतिनिधी, नोंद ठेवणारं वेष्टण, टेस्टमधली तोतया वस्तू, हे सगळं मग एकेका मेथडवर भागतं.

पळवाटांपैकी पहिली `+` ची. त्यासाठी स्वतंत्र बाइटकोड द्या: दोन्ही बाजू लहान पूर्णांक असतील तर थेट बेरीज, नसतील तर रीतसर मेसेज. मग कुणी पूर्णांकाच्या क्लासमध्ये `+` नव्याने लिहिला तर? रूबीचा रनटाइम अशा मूलभूत मेथडवर एक झेंडा ठेवतो. कुणी ती बदलली की झेंडा वर होतो आणि पळवाट बंद. प्रत्येक बेरजेला एक जास्तीचा बिट तपासावा लागतो, आणि तेवढी किंमत शब्द पाळण्यासाठी वाजवी आहे.

दुसरी `असेलतर:` ची. आर्ग्युमेंट म्हणून तिथेच लिहिलेला ब्लॉक असेल तर कंपायलरने ब्लॉक न बनवता सरळ उडी लिहावी. स्मॉलटॉकमध्ये हेच होतं, त्यामुळे तिथे 'खरं' च्या क्लासमध्ये `असेलतर:` ला समांतर असलेली मेथड बदलली तरी नेहमीच्या कोडवर परिणाम होत नाही. म्हणजे शब्द मोडला. मी इथे अर्धी तडजोड करेन: 'खरं' आणि 'खोटं' या दोघांच्या या मेथड बदलायला भाषेनेच मनाई करायची. पण घेणारा ऑब्जेक्ट या दोघांपैकी नसेल तर उडी सोडून खरा मेसेज पाठवायचा, म्हणजे कुणाला स्वतःचा 'कदाचित' नावाचा क्लास लिहायचा असेल तर तो चालेल. त्यासाठी ब्लॉकचा कोडही सोबत ठेवावा लागतो, मेथड थोडी फुगते.

## पायरी ६: ब्लॉक, आणि `^` चा त्रास

ब्लॉक म्हणजे कोड आणि त्याच्या भोवतालचे व्हेरिएबल. मेथड संपल्यावरही ब्लॉक जगू शकतो, तेव्हा त्याचे व्हेरिएबल स्टॅकवर ठेवून भागत नाही. आणि सगळेच हीपवर टाकले तर प्रत्येक मेथडला कचरा. मधला मार्ग असा: ब्लॉकने पकडलेले आणि पकडल्यानंतर बदलणारे व्हेरिएबल कोणते, हे कंपायलर शोधतो. फक्त तेवढेच हीपवरच्या एका छोट्या ॲरेत जातात, आणि मेथड आणि ब्लॉक दोघेही तो ॲरे वापरतात. न बदलणारे व्हेरिएबल ब्लॉकमध्ये नुसते कॉपी करा.

आता वरच्या उदाहरणातला `[ ^ तक्रार चालव ]`. हा `^` ब्लॉकमधून परतत नाही, `काढ:नाहीतर:` या मेथडमधून परततो. मधे दहा फ्रेम असल्या तरी त्या सगळ्या ओलांडून. यादीत शोधताना सापडल्याबरोबर मेथडमधून बाहेर पडता येतं ते यामुळेच, म्हणून ही सोय गाळू नका. अंमलबजावणीत प्रत्येक ब्लॉक आपल्या जन्मदात्या फ्रेमची ओळख जपतो, आणि `^` आला की स्टॅक तिथपर्यंत उलगडला जातो. वाटेत `काहीही_झालं_तरी:` असे सफाईचे ब्लॉक असतील तर ते आतून बाहेर या क्रमाने चालवायचे.

जन्मदाती फ्रेम आधीच संपलेली असेल तर? ब्लॉक एका फील्डमध्ये ठेवला, मेथड संपली, आणि नंतर कुणी तो चालवला. आता परतायला जागाच नाही. फ्रेमचा पत्ता तपासून हे कळत नाही, कारण त्याच पत्त्यावर एव्हाना दुसरी फ्रेम उभी असेल. फ्रेमला वाढता क्रमांक द्या आणि तो जुळवून पाहा. जुळला नाही तर स्पष्ट एरर.

## पायरी ७: कॅश

इथपर्यंत भाषा चालते, पण प्रत्येक मेसेजला कोश धुंडाळते. पहिलं औषध सामाईक कॅश: क्लास आणि सिलेक्टर यांच्या हॅशवरून हजारेक जागांच्या तक्त्यात मेथड. अर्ध्या दिवसाचं काम, फरक लगेच दिसतो.

दुसरं जास्त गुणकारी. पीटर डॉइच आणि ॲलन शिफमन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की कोडमधल्या एका ठिकाणाहून पाठवलेला मेसेज बहुतेक वेळा एकाच क्लासच्या ऑब्जेक्टकडे जातो. म्हणून त्या ठिकाणीच, बाइटकोडला चिकटून, शेवटचा क्लास आणि सापडलेली मेथड लिहून ठेवा. पुढच्या वेळी क्लास तोच असेल तर शोध नाहीच. हीच इनलाइन कॅश. काही ठिकाणी दोन-तीन क्लास आलटून पालटून येतात. त्यासाठी उर्स होल्झल, क्रेग चेंबर्स आणि उंगार यांनी १९९१ मध्ये सेल्फसाठी अनेक नोंदींची इनलाइन कॅश मांडली. गुगलच्या व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनमध्ये एका ठिकाणी चार नोंदींपर्यंत ही मजल जाते, त्यापुढे सामाईक कॅश.

कॅश लिहिणं सोपं, शिळी झालेली कॅश ओळखणं अवघड. प्रोग्राम चालू असताना कुणी `खाते` मध्ये नवी `छाप` लिहिली, आणि कॅशमध्ये अजून `ऑब्जेक्ट` कडून आलेली जुनी आहे. सुरुवातीला एक जागतिक क्रमांक ठेवा. कुठेही मेथड बदलली की तो एकने वाढवा, आणि प्रत्येक नोंदीत तो लिहा. क्रमांक जुळला नाही की नोंद बाद. प्रोग्राम सुरू होताना मेथड भराभर लिहिल्या जातात तेव्हा हे वाया जातं, पण त्यात चूक व्हायला जागा नाही. रूबीही बराच काळ असंच करत होती, २.१ आवृत्तीत क्लासच्या वारशानुसार कॅश बाद करणं आलं. तुम्हीही गरज पडेल तेव्हाच बदला.

व्ही८ मधल्या छुप्या क्लासबद्दल (फील्डच्या मांडणीवरून रनटाइमने आतल्या आत बनवलेले क्लास) वाचून ते करावंसं वाटेल. ती युक्ती सेल्फच्या १९८९ मधल्या 'मॅप' ची. जिथे फील्ड कधीही, कुठल्याही ऑब्जेक्टला लावता येतं तिथे ती लागते. आपण फील्ड क्लासमध्ये जाहीर करायला लावलंय, तेव्हा तो प्रश्न पहिल्या पायरीतच मिटला. उरतो तो चालू प्रोग्राममध्ये क्लासला फील्ड जोडण्याचा. तेव्हा त्या क्लासचे सगळे ऑब्जेक्ट हीपमधून शोधून नव्या आकारात हलवायचे. संथ आहे, पण दिवसातून दोनदा लागतं.

## पायरी ८: कचरा

रेफरन्स मोजण्याच्या पद्धतीच्या वाटेला जाऊ नका. क्लास आणि मेटाक्लास एकमेकांना धरून आहेत, ब्लॉक फ्रेमला आणि फ्रेम ब्लॉकला. या भाषेत चक्रं जागोजागी.

खुणा करून झाडणारा साधा कलेक्टर लिहा. अल्गोरिदम सोपा, दुखणं सीमधल्या कोडमध्ये आहे:

```
यादी  = नवी_यादी(मशीन);
अक्षरं = नवी_स्ट्रिंग(मशीन, "पुणे");
यादीत_टाक(यादी, अक्षरं);
```

दुसऱ्या ओळीत जागा मागताना कलेक्टर धावला, आणि `यादी` फक्त सीच्या व्हेरिएबलमध्ये आहे. कलेक्टरला ती दिसत नाही आणि ती झाडली जाते. हा बग हजारातून एकदा येतो, तोही भलत्याच ठिकाणी. सीमधून बनवलेला प्रत्येक ऑब्जेक्ट ताबडतोब मशीनच्या स्टॅकवर ढकलायची शिस्त लावा, आणि त्यासोबत एक छळ-मोड ठेवा: प्रत्येक वेळी जागा मागितली की कलेक्टर धावलाच पाहिजे. सगळ्या टेस्ट या मोडमध्ये रात्री चालवा. शंभरपट हळू चालतील, चालू द्या.

पिढ्या करणारा (नवे आणि जुने ऑब्जेक्ट वेगळे ठेवणारा) कलेक्टर, ज्याची ओळख उंगार यांनीच १९८४ मध्ये स्मॉलटॉकसाठी करून दिली, तो नंतर. पण फील्डमध्ये लिहिण्याचं काम आजपासूनच एका फंक्शनमधून करा. जुन्या ऑब्जेक्टमध्ये तरुण ऑब्जेक्टचा पॉइंटर लिहिला गेला याची नोंद उद्या तिथेच घ्यायची आहे, आणि सीमध्ये विखुरलेले दोनशे असाइनमेंट तेव्हा शोधत बसणं परवडणार नाही.

## पायरी ९: एरर, आणि कोड कुठे ठेवायचा

एरर पकडण्यासाठी `[ ... ] चूक_झाली_तर: [ :चूक | ... ]` असा साधा मेसेज पुरतो. एक गोष्ट मात्र स्मॉलटॉककडून जरूर घ्या: एरर झाल्यावर स्टॅक लगेच उलगडू नका. आधी वर पाहत हँडलर शोधा, तो चालू स्टॅकच्या वरच चालवा, आणि त्याने सोडून द्यायचं ठरवलं तरच उलगडा. त्यामुळे हँडलरला `चूक पुढे_चालू: ०` असं उत्तर देऊन जिथे अडलं तिथूनच काम पुढे नेता येतं. डीबगरही याच सोयीवर उभा राहतो: एरर झाली त्या क्षणी सगळ्या फ्रेम जागेवर, त्यांतले व्हेरिएबल वाचता येतात, मेथड दुरुस्त करून तीच फ्रेम पुन्हा सुरू करता येते. फ्रेम प्रोग्रामरला ऑब्जेक्ट म्हणून दिसायला हवी, पण प्रत्येक फ्रेमसाठी हीपवर ऑब्जेक्ट बनवायची गरज नाही. कुणी मागितली तेव्हाच बनवा.

स्क्वीक आणि फारो या स्मॉलटॉकच्या वारसांमध्ये सगळा ऑब्जेक्टांचा पसारा एका इमेज फाइलमध्ये जतन होतो. अनुभव जादूचा आहे, पण टीमला कोड साध्या फाइलमध्ये आणि गिटमध्ये हवा असतो. नव्या भाषेसाठी मी फाइलच निवडेन, आणि क्लास पुन्हा लोड केला की चालू ऑब्जेक्ट नव्या आकारात हलवायची सातव्या पायरीतली सोय त्याला जोडेन. इमेजची अर्धी गंमत त्यातच मिळते.

मशीन कोड तयार करणारा कंपायलर लिहायचा मोह या टप्प्यावर होतो. लार्स बाक सन मायक्रोसिस्टिम्समध्ये सेल्फवर होते, नंतर जावाच्या हॉटस्पॉट या रनटाइमवर आणि २००८ मध्ये आलेल्या व्ही८ वर. त्या सगळ्यांचा वेग आधी जमा केलेल्या माहितीवर उभा आहे: कोणत्या ठिकाणी कोणते क्लास येतात. ती माहिती आपल्या इनलाइन कॅशमध्ये आताच साठतेय. म्हणून आधी एक छोटं साधन लिहा, जे प्रोग्राम संपल्यावर प्रत्येक ठिकाणच्या नोंदी छापेल. एकाच क्लासची ठिकाणं किती, चारांपलीकडे गेलेली किती, आणि ती कुठल्या मेथडमध्ये. माझा अंदाज, यादीच्या वरच्या टोकाला तुमच्या स्वतःच्या कोशाची `=` आणि `हॅश` ही जोडी असेल. तिथूनच सुरुवात करा.